नळीतून जेवण आणि मैदानावरचा खेळ

नाशिकमधल्या एखाद्या शाळेत शालेय क्रीडास्पर्धांसाठी निवड चालू आहे, अशी कल्पना करू. सातवीतली एक मुलगी ८०० मीटर धावण्यासाठी नाव देते. ती डबा खात नाही, हे वर्गात सर्वांना ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत तिची आई येते, कोपऱ्यातल्या खोलीत बसते आणि मोठ्या सिरिंजमधून पातळ आहार तिच्या पोटावरच्या छोट्या नळीत सोडते. अन्न थेट जठरात जाते. मुलगी अभ्यासात ठीक आहे, घराजवळच्या गल्लीत धावतेही. शिक्षकांना मात्र धास्ती वाटते. नळी निसटली तर? पोटात दुखले तर? मग सर्वांत सोपा मार्ग निघतो: ‘तू बाकीच्यांच्या वेळा लिहून घे.’

हेतू चांगला असला तरी असा निर्णय बहुधा माहितीवर आधारलेला नसतो. नाशिक जिल्ह्याला मैदानाची मोठी परंपरा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले. अशा जिल्ह्यात एखाद्या मुलीला मैदानाबाहेर बसवायचे असेल, तर त्याचे कारण तपासून घेतलेले असावे. म्हणून नळीने शरीरात नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, ते या लेखात पाहू.

नळी कशासाठी?

नळी हा आजार नव्हे. पुरेसे अन्न तोंडावाटे सुरक्षितपणे जाऊ शकत नसेल, तेव्हा योजलेला तो दुसरा रस्ता आहे. कारणे अनेक आहेत. काही बाळांची अन्ननलिका जन्मतः तुटलेली असते. काहींना मेंदूच्या स्नायुनियंत्रणातील दोषामुळे नीट गिळता येत नाही आणि अन्न श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. काही मुलांनी लहानपणी मोरी साफ करण्याचे तीव्र अल्कली किंवा आम्ल चुकून प्यायलेले असते आणि अन्ननलिका भाजून आकसलेली असते. आतड्याच्या क्रोन्स आजारात काही आठवडे फक्त पातळ आहार देतात आणि तो पिववत नसेल तर नळीने देतात. हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाच्या काही आजारांत मूल तोंडाने खाते, पण वाढीला पुरेल इतके खाऊ शकत नाही. तिथे नळी फक्त तूट भरून काढते.

ही यादी देण्याचे कारण आहे. या मुलांमध्ये बाहेरून दिसणारी खूण एकच, पण आतली परिस्थिती अगदी वेगवेगळी असते. अन्ननलिका भाजलेल्या मुलाचे हृदय, फुप्फुसे आणि पाय ठणठणीत असू शकतात. उलट हृदयविकार असलेल्या मुलाला धावण्याची मर्यादा असेल, तर ती नळी नसतानाही असतेच. काही चयापचयाच्या आजारांत उपाशीपोटी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. तिथे व्यायामाचे नियोजन फारच काटेकोर लागते. तेव्हा डॉक्टरांना ‘नळी असताना खेळलेले चालेल का?’ एवढेच विचारू नये. ‘ज्या कारणाने नळी बसवली त्या कारणाने कोणता व्यायाम वर्ज्य आहे?’ असे विचारावे.

नळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. नाकातून घशावाटे जठरात जाणारी पहिली. आपल्या रुग्णालयांत तिला ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राईल या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ साली जठररस तपासण्यासाठी अशी नळी सुचवली, त्यांचे हे नाव. ही थोड्या दिवसांसाठी किंवा आठवड्यांसाठी असते. दुसरी पोटाच्या भिंतीला लहान छिद्र पाडून थेट जठरात बसवलेली. ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षे राहू शकते. पूर्वी त्यासाठी पोट उघडावे लागे. १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे बालशल्यविशारद मायकेल गॉडरर आणि दुर्बिणतज्ज्ञ जेफ्री पॉन्स्की यांनी घशातून उतरवलेल्या दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता ही नळी बसवली. १९८० साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर ‘पेग’ या नावाने रूढ झाली. लोंबणाऱ्या नळीऐवजी कातडीलगत बसणारे ‘बटण’ १९८४ साली पुढे आले. हवा भरण्याच्या चेंडूला जसे छोटे तोंड असते, तसे ते दिसते. सदऱ्याखाली ते कळतही नाही. खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही सुधारणा फार मोलाची ठरली.

दोन जुन्या कथा

पोटाला छिद्र असलेला माणूस कष्टाची कामे करू शकतो का, याचे उत्तर पेगच्या कितीतरी आधी मिळाले होते.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कॅनेडियन नावाड्याला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी या छिद्रातून पचन प्रत्यक्ष पाहिले. रेशमी दोऱ्याला अन्नाचा तुकडा बांधून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने ओढून पाहायचा, असे प्रयोग त्यांनी केले आणि १८३३ साली ते पुस्तकरूपाने छापले. पचनशास्त्राचा पाया त्यातून घातला गेला. या गरीब माणसाची इच्छा किती विचारात घेतली गेली, हा प्रश्न आज विज्ञानाच्या इतिहासात आवर्जून विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे.

आपल्या विषयापुरते महत्त्वाचे ते वेगळेच. सेंट मार्टिन तोंडानेच जेवत असे. छिद्र फक्त झाकून ठेवावे लागे. त्या अवस्थेत १८३१ साली तो बायकामुलांसह उघड्या होडीतून मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या मार्गाने, पुढे सरोवरे ओलांडून माँट्रिअलला गेला. हा प्रवास शेकडो कोसांचा होता. पुढे तो दीर्घकाळ जगला आणि १८८० साली वारला. सौम्य व्यायामाने पचनाला मदत होते, हे निरीक्षणही बोमाँट यांनी त्याच्यावरूनच नोंदवले.

दुसरी कथा टॉम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन माणसाची. १८९५ साली, नऊ वर्षांचा असताना, त्याने उकळते सूप गिळले आणि त्याची अन्ननलिका कायमची बंद झाली. डॉक्टरांनी पोटावर छिद्र केले. पुढे आयुष्यभर त्याने त्यातूनच अन्न घेतले. त्याची रीत अशी होती: घास तोंडात चावायचा, चव घ्यायची आणि मग तो नरसाळ्यातून पोटात सोडायचा. अशा अवस्थेत त्याने अंगमेहनतीची कामे केली, संसार केला. स्टुअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ या शास्त्रज्ञांनी त्याच्या जठराचा अभ्यास करून १९४३ साली तो प्रसिद्ध केला. हे सारे करताना टॉमने आपली ही अवस्था वर्षानुवर्षे लोकांपासून लपवली. शरीराने त्याला साथ दिली होती; ओझे होते ते संकोचाचे.

जठराला काय कळते?

अन्न कोणत्या वाटेने आले याची जठराला फारशी पर्वा नसते. ते अन्न साठवते, घुसळते आणि खालच्या झडपेतून थोडे थोडे लहान आतड्यात सोडते. सोडण्याचा वेग मुख्यतः अन्नातील ऊर्जेवर ठरतो. प्रौढ माणसात हा वेग मिनिटाला सुमारे २ ते ३ किलोकॅलरी असतो. म्हणजे ३०० किलोकॅलरींचा पातळ आहार खाली उतरायला शंभर ते दीडशे मिनिटे लागतात. साधे पाणी याहून फार लवकर जाते.

आता व्यायामाचा विचार करू. विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा पोटातील इंद्रियांकडे जातो. जोरात धावू लागताच स्नायूंची मागणी वाढते आणि पोटाकडचा प्रवाह निम्म्याहूनही खाली येतो. अशा वेळी जठर भरलेले असेल तर मळमळ, उलटी, पोटात कळ असे त्रास होतात. भरपेट जेवून पकडापकडी खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला हेच होते. तेव्हा मोठा आहार आणि जोराचा सराव यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे, हा नियम सर्वच मुलांना सारखा लागू आहे. नळी असणाऱ्या मुलाला एक सोय जास्तच आहे. काही मुलांना रात्री झोपेत पंपाने सावकाश आहार देतात. ताशी १०० मिलिलिटर या गतीने आठ तासांत ८०० मिलिलिटर जातात आणि दिवसातले आहार लहान करता येतात.

किती लागते?

नेहमीच्या तयार आहारात बहुधा एका मिलिलिटरमागे एक किलोकॅलरी असते. बारा वर्षांच्या मुलीची दिवसाची गरज ढोबळमानाने २००० किलोकॅलरी धरली, तर सगळा आहार नळीनेच देताना दोन लिटर लागतील.

धावण्याचा खर्च काढण्याचा सोपा आडाखा असा: दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी. आपली मुलगी ३५ किलोची आहे. ८०० मीटरची शर्यत म्हणजे ३५ × ०.८ = २८ किलोकॅलरी, अर्थात अवघे २८ मिलिलिटर आहार! शर्यतीचा खर्च इतका थोडा असतो. सरावाचा मात्र साठत जातो. रोज ५ किलोमीटर धावणे झाले तर १७५ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर जादा आहार. तोंडाने जेवणारे मूल सराव वाढला की आपोआप एक पोळी जास्त मागते. नळीने जेवणाऱ्याचा आहार मात्र कागदावर ठरलेला असतो. सराव वाढला आणि कागद तोच राहिला, तर काही आठवड्यांत वजन उतरते, दमणूक वाढते आणि ‘हिला खेळ झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरी चूक बेरजेत असते. म्हणून सराव सुरू होण्यापूर्वी पालकांनी आहारतज्ज्ञांना सरावाचे वेळापत्रक दाखवावे आणि महिन्यातून एकदा वजन नोंदवावे.

पाण्याचेही तसेच. तयार आहारात सुमारे ८५ टक्के पाणी असते, पण घामाचा हिशेब त्यात धरलेला नसतो. उन्हात तासभर खेळताना मुलांचे ३०० ते ५०० मिलिलिटर पाणी घामावाटे सहज जाते. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा: २०० ग्रॅम घटले तर सुमारे २०० मिलिलिटर पाणी गेले. ते नळीतून थोडे थोडे, दर वीस मिनिटांनी ५० ते १०० मिलिलिटर असे भरून काढता येते. खूप घाम आला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जलसंजीवनी द्यावी. ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी. घट्ट केली तर उलट आतड्यात पाणी ओढले जाते आणि जुलाब होतात.

तोंडाचे काम कोण करते?

मग नळीने काय बदलते? तोंड फक्त अन्न आत ढकलत नाही. ते मेंदूला बातमीही देते. तहानलेला माणूस पाणी प्यायला की, पाणी रक्तात पोहोचण्याआधीच तहान ओसरू लागते, कारण तोंड आणि घसा यांनी आधीच निरोप दिलेला असतो.

२००४ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. सायकलपटूंना तासाभराच्या कष्टाच्या चाचणीत पिष्टमय द्रावणाने फक्त चूळ भरून थुंकायला सांगितले. पोटात काहीच गेले नाही, तरी त्यांचा वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारला. त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात ग्लुकोज थेट शिरेतून दिले, तेव्हा असा फायदा दिसला नाही. इंधन आता येणार, ही वर्दी मेंदूला तोंडाने दिली आणि तेवढ्यावर स्नायूंना जास्त सूट मिळाली, असा याचा अर्थ लावतात.

टॉम घास चावून चव का घेत असे, ते आता लक्षात येईल. ज्या मुलांना तोंडात पाणी घेणे सुरक्षित आहे, त्यांनी खेळताना चूळ भरल्यास बरे वाटते. गिळण्यात दोष असेल तर मात्र चूळही श्वासनलिकेत जाऊ शकते. तिथे डॉक्टरांची परवानगी हवीच. तोंडाकडून येणारी भूक-तहानेची ही वर्दी कमी पडते, म्हणून तिच्या जागी घड्याळ, तराजू आणि वही ठेवावी लागते. नळीने होणारा मुख्य बदल हाच.

कोणता खेळ?

छिद्र नवे असताना काही आठवडे कोणताच दमाचा खेळ नको. जखम भरून मार्ग पक्का व्हायला वेळ लागतो. त्यानंतर धावणे, बॅडमिंटन, टेबल टेनिस, नेमबाजी, बुद्धिबळ यांत नळीची अडचण जवळजवळ नसते. पोहण्यासाठी छिद्र पूर्ण भरलेले, बटण घट्ट बंद आणि तलावाचे पाणी क्लोरिनयुक्त असावे. गोदावरीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात उतरू नये. क्रिकेट-फुटबॉलमध्ये पोटावर मऊ पट्टा किंवा कवच बांधून खेळता येते. मात्र पंचांना आधी सांगून ठेवावे. कबड्डी आणि कुस्तीत पोटावर थेट पकड येते, मल्लखांबात पोट लाकडावर घासते, खोखोत झेप घेऊन पोटावर पडणे होते. हे खेळ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नकोत. नाकातील नळी असेल तर अंगाला अंग भिडणारे खेळ टाळावेत, कारण ती सहज ओढली जाते.

स्पर्धेच्या दिवशी खरी परीक्षा वेळापत्रकाची असते. सकाळी नऊची शर्यत साडेअकराला होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. नऊच्या हिशेबाने सातला आहार घेतलेली मुलगी साडेअकराला रिकाम्या पोटी धावते. म्हणून मोठा आहार लवकर द्यावा आणि नंतर उशीर होईल तसे ५०-१०० मिलिलिटरचे छोटे भाग द्यावेत. घरी वाटलेला आहार, उदाहरणार्थ नागलीची गाळलेली पेज, उन्हात लवकर नासतो. तो थंड डब्यात ठेवावा. आहारानंतर नळीतून थोडे स्वच्छ पाणी सोडले नाही तर ती तुंबते.

नळी निसटली तर घाबरू नये. छिद्रावर स्वच्छ कापड धरावे आणि लगेच पालकांना फोन करावा. छिद्र काही तासांतच आकसू लागते, म्हणून उशीर नको. जुन्या, पक्क्या छिद्रात जादा नळी बसवण्याचे शिक्षण पालकांना दिलेले असते. शिक्षकांनी स्वतः ती घालू नये. नाकातील नळी निघाली तर ती मैदानावर कोणीही परत घालू नये. ती श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेतते. ती जठरातच आहे हे ठरवण्यासाठी आतला रस ओढून त्याची आम्लता पीएच कागदावर पाहतात, ५.५ किंवा त्याहून कमी हवी. आठवीच्या वर्गात आम्ल-अल्कली शिकवताना याहून जिवंत उदाहरण कोणते असेल!

वर्गात करून पाहण्याजोगे

५० मिलिलिटरची सिरिंज, सलाइनची रिकामी नळी आणि फूटपट्टी घ्या. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडा. पाणी, गाळलेले ताक आणि पातळ पेज, प्रत्येकी ५० मिलिलिटर, रिकामे व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. सिरिंज नळीच्या खालच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर आणि ६० सेंटिमीटरवर धरून पुन्हा मोजा. उंचीचा आणि दाटपणाचा परिणाम मुले स्वतः शोधतील. मग त्यांना सांगा की पाण्यासारखा द्रव संथपणे वाहत असेल तर नळीचा आतला व्यास निम्मा होताच प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. नळी जाड का घ्यावी लागते आणि पेज गाळावी का लागते, हे त्यांचे त्यांनाच कळेल. ज्या मुलीची नळी आतापर्यंत कुजबुजीचा विषय होती, ती मग भौतिकशास्त्राचा विषय होईल. अर्थात वर्गात तिचा उल्लेख तिला विचारूनच करावा.

शेवटी एक कायद्याची गोष्ट. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम १६ प्रमाणे, शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबर खेळाचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. नळी असलेले प्रत्येक मूल कायद्याच्या व्याख्येत बसेलच असे नाही. पण जे बसत नाही, त्याला बाहेर ठेवायला तर आणखीच कमी कारण उरते.

आपली सातवीतली मुलगी ८०० मीटर जिंकेल की शेवटची येईल, हे तिचे पाय, तिची फुप्फुसे आणि तिचा सराव ठरवतील. तिच्यासाठी शिक्षकांनी करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचणे, खिशात आईचा फोन नंबर ठेवणे, दर वीस मिनिटांनी पाण्याची आठवण करणे. वेळा लिहून घेण्याचे काम दुसऱ्या कोणालाही देता येईल.